‘लोकांना हे नको आहे’ – कोणत्या लोकांना?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



या सत्राला आयोजकांनी ‘शाळेतील लैंगिक शिक्षण आणि लोकमत’ असे नाव दिले आहे. मुलामुलींना स्वतःच्या शरीराची माहिती असावी की नसावी, हा प्रश्न इथे बसलेल्या आपल्या सर्वजणींपुरता तरी कधीच सुटला आहे. त्यामुळे लैंगिक शिक्षणाचे फायदे मी मोजत बसणार नाही. आपली गाडी अडते ती पुढे. मुख्याध्यापकांना भेटावे तर ते म्हणतात, “ताई, मला पटतं हो, पण पालक ऐकायचे नाहीत.” शिक्षण विभागात जावे तर उत्तर मिळते, “वरून आदेश नाही.” आणि वरच्यांना विचारावे तर ते म्हणतात, “लोकभावना तीव्र आहेत.” वरचे खाली बोट दाखवतात, खालचे वर. तोवर मुलगी वयात येते, आठवी-नववीत शाळा सुटते आणि लग्न होऊन जाते.

म्हणून आज आपण या ‘लोकां’ची जरा चौकशी करू. ज्यांच्या नावाने ही दारे बंद होतात ते लोक कोण? त्यांना कोणी विचारले? आणि खरोखर विचारले तर ते काय म्हणतात?

2007 साली काय झाले?

केंद्र सरकारचे शिक्षण खाते आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था यांनी मिळून 2005 मध्ये किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. हा विषय सरकारी धोरणात शिरला तो एड्सच्या दारातून, हे लक्षात ठेवा. मुलींना स्वतःच्या शरीराची ओळख व्हावी, त्यांचे आरोग्य सुधारावे, त्यांना नकार देता यावा, ही मागणी आपण बायका किती वर्षे करत होतो. त्या मागणीसाठी तिजोरी उघडली नाही, रोगाच्या भीतीने उघडली. साहजिकच त्या साहित्याचा सगळा भर रोगावर होता. शिक्षकांची पुरेशी तयारी करून घेतलेली नव्हती, पालकांशी बोलणे तर त्याहून कमी. शाळांपर्यंत चित्रांचे तक्ते पोचले आणि गदारोळ उठला.

2007 साली महाराष्ट्राच्या विधानसभेत या विषयावर आरडाओरडा झाला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या एका मुद्द्यावर एक झाले. ‘संस्कृती बुडेल, मुले बिघडतील, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे’ अशी भाषा झाली आणि सरकारने कार्यक्रमावर बंदी घातली. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, राजस्थान, छत्तीसगड अशा इतरही राज्यांत त्याच सुमारास हा कार्यक्रम अडवला गेला. सरकारे वेगवेगळ्या पक्षांची होती. तेव्हा याचा दोष एखाद्या पक्षावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

आता त्याच वर्षातल्या दुसऱ्या दोन गोष्टी पाहा. 2007 मध्येच केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या 12,447 मुलामुलींशी बोलून तो केला होता आणि त्यात आपला महाराष्ट्रही होता. त्यातल्या 53.22 टक्के मुलांनी सांगितले की आपल्यावर कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाला आहे. या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे त्या मुलांच्या ओळखीचे, विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ते कोणालाही सांगितलेले नव्हते. सांगणार कशाने? ज्या अवयवाला नावच दिलेले नाही, त्याबद्दलची तक्रार मूल कोणत्या शब्दांत करणार?

दुसरी गोष्ट. 2006-07 मध्ये देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांत तरुण-तरुणींची मोठी पाहणी केली. कुटुंबजीवनाचे किंवा लैंगिकतेचे शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यातल्या फार मोठ्या बहुसंख्येने सांगितले. असे शिक्षण प्रत्यक्ष मिळालेले होते ते सुमारे पंधरा टक्क्यांना.

म्हणजे सभागृहात ‘लोकांना नको आहे’ असे सांगितले जात होते, त्याच सुमारास ज्यांना शिकायचे होते ते ‘हवे आहे’ म्हणून सांगत होते. पण त्यांच्याकडे मत मागायला कोणी येत नाही, कारण त्यातल्या अनेकांना अजून मतच नसते. लोकमत म्हणून जे पुढे आले ते प्रौढांचे, त्यातही पुरुषांचे, त्यातही माइक ज्यांच्या हातात होता त्यांचे. त्याच काळात झारखंडमध्ये ‘उडान’ नावाने शाळांमधून किशोरवयीन शिक्षण सुरू झाले होते आणि ते टिकून राहिले. झारखंड काही परदेशात नाही. तिथेही पालक आहेत, परंपरा आहे, राजकीय पक्ष आहेत. तेव्हा बंदी ही काही समाजाने अपरिहार्यपणे लादलेली गोष्ट नव्हती. दुसरा निर्णय घेता येत होता.

समाज कधीच ‘तयार’ नसतो

‘समाजाची अजून तयारी नाही’ हे वाक्य आपल्या महाराष्ट्राने पूर्वीही ऐकले आहे. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा आला. तो काय म्हणत होता? मुलीशी, मग ती बायको का असेना, शरीरसंबंधाचे किमान वय दहावरून बारा करावे. दहाचे बारा, एवढेच! त्याच्या एक-दोन वर्षे आधी बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. तरीही पुण्यात या कायद्याविरुद्ध केवढे रान उठले! परकीय सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, समाज स्वतः सुधारेल तेव्हा सुधारेल, असे टिळकांसारखे लोकमान्य पुढारी सांगत होते. त्या लोकमतात फुलमणीच्या वयाच्या एकाही मुलीचे मत धरलेले नव्हते. रखमाबाईंनी ते मत मांडले. अकराव्या वर्षी झालेले लग्न आपल्याला मान्य नाही म्हणून त्या 1884 पासून कोर्टात उभ्या राहिल्या, वर्तमानपत्रात टोपणनावाने पत्रे लिहिली, आणि त्याबद्दल त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागले ते आपल्याला ठाऊक आहे.

पुढे र. धों. कर्वे. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. 1927 पासून 1953 मध्ये मरण येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. प्राध्यापकाची नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच गुन्हा ठरला. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, दंड झाला. पण मासिक थांबले नाही, आणि मुख्य म्हणजे वाचकांचे प्रश्नही थांबले नाहीत.

तेव्हा उद्या तुम्हाला सभेत कोणी म्हणाले, “हे परदेशी खूळ आहे,” तर त्यांना सांगा, हे खूळ मराठीत शंभर वर्षे मुरलेले आहे. फक्त एक विनंती. अशा वेळी काही जणी पटकन ‘कामसूत्रा’चा दाखला देतात. तो देऊ नका. त्या ग्रंथाचा नायक पैशाने आणि वेळेने सुखवस्तू असलेला नगरातला पुरुष आहे. वस्तीतल्या तेरा वर्षांच्या मुलीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आईच्या भीतीला नाव द्या

पुढाऱ्यांचे सोडा. वस्तीतल्या, गावातल्या आया काय म्हणतात? इथे आपल्याला फार प्रामाणिक राहावे लागेल. ‘लैंगिक शिक्षण’ हा शब्द उच्चारून हात वर करायला सांगितले तर बहुतेक आया हात वर करत नाहीत. यावरून ‘त्यांचाही विरोध आहे’ असे म्हणून आपण परत येतो. पण मी पालकसभांमधून पाहिले आहे की प्रश्न बदलला की उत्तर बदलते. “तुमच्या मुलीला पाळी यायच्या आधी तिला कोणी सांगावं असं वाटतं का?” सगळ्या हात वर करतात. “तुम्हाला कोणी सांगितलं होतं?” सगळे हात खाली जातात, आणि मग बोलणे सुरू होते. एक म्हणते, “मला वाटलं, मला काही लागलं, मी आता मरते.” दुसरी म्हणते, “लग्नाच्या रात्री काय होतं तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं, ताई.” मग तिसरीच एखादी शेवटच्या रांगेतून विचारते, “पण हे सगळं कळल्यावर पोरगी पळून गेली तर?”

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. ज्या घरात मुलगी पळून गेली की धाकट्या बहिणींची शाळा बंद होते, आईला मार खावा लागतो, वस्तीत तोंड दाखवायला जागा राहत नाही, त्या घरातल्या आईची ती भीती आहे. इज्जत मुलीच्या शरीरात ठेवायची आणि राखण मात्र आईने करायची, ही पितृसत्तेची वाटणी आहे. त्या आईला सनातनी ठरवून आपल्या हाती काही लागत नाही. याच भीतीपोटी ती मुलीचे हात पिवळे करायची घाई करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 2019-21 सांगते की महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाले होते. या मुलींना कोणी लैंगिक शिक्षण दिले नव्हते. तरी त्या कोवळ्या वयात लैंगिक जीवनात ढकलल्या गेल्याच, फक्त अजाणता, आणि सगळ्यांच्या आशीर्वादाने.

तेव्हा त्या आईला सरळ उत्तर द्या. माहिती मिळाल्याने मुले लवकर संबंधांकडे वळतात असे कुठल्याही भरवशाच्या अभ्यासात दिसलेले नाही. युनेस्कोने जगभरचे अभ्यास तपासून काढलेला निष्कर्ष हाच आहे. पण एवढ्यावर ती समाधानी होणार नाही. तिला हेही सांगा की आज मुलीच्या वर्गातल्या मुलाच्या हातात मोबाईल आहे, आणि त्यावर तो जे पाहतो त्यात बाईला ‘नाही’ म्हणायला जागाच नसते. त्याला शिकवणारा कोणीतरी आहेच. प्रश्न एवढाच आहे की शिकवणारा तो मोबाईल असावा, की तुमच्या-माझ्या ओळखीच्या बाई असाव्यात.

आणि मुलांचे प्रश्न आयांना वाचून दाखवा, अर्थात कोणाचे ते कळू न देता. आपण शाळेत चिठ्ठ्यांची पेटी ठेवतो तेव्हा काय येते त्यात? पांढरे जाते म्हणजे मला काही आजार आहे का? मुलाने हात धरला तर दिवस जातात का? पाळीत देवाला शिवले तर खरेच पाप लागते का? मुलगे विचारतात, झोपेत वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो का? मला मिशी येत नाही, मी पुरुष नाही का? हे प्रश्न ऐकल्यावर बिघडलेली मुले कोणालाच दिसत नाहीत. घाबरलेली मुले दिसतात. कितीतरी आया तर स्वतःचेच प्रश्न विचारायला लागतात. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांत केलेला अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 92 टक्के बायकांना स्त्रीरोग असल्याचे आढळले आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. न बोलण्याची किंमत आपण अशी अंगावर काढत आलो आहोत. त्याच अनुभवातून पुढे राणीताईंची ‘तारुण्यभान’ शिबिरे उभी राहिली. मुलेमुली त्यांत एकत्र बसतात, आणि पालक ती चालू देतात.

कसले शिक्षण मागायचे?

इथे एक धोका आहे. लोकमत वळवायचे म्हणून आपण मागणीच पातळ करत जातो. ‘लैंगिक’ शब्द नको, ‘जीवनकौशल्ये’ म्हणा. मुलींपुरतेच ठेवा. पाळीची स्वच्छता सांगा आणि थांबा. शब्द एखाद्या वेळी बदलला तर माझी हरकत नाही. पण आशय गेला तर उरते काय?

2009 मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने या विषयावर अहवाल दिला. शाळांतून लैंगिक शिक्षण नको, आणि लग्नाआधी संबंध अनैतिक व आरोग्याला घातक असतात हे मुलांना शिकवा, असा त्याचा सूर होता. संयमाचे धडे आणि रोगाची भीती, एवढेच द्यायचे असेल तर ते आपले शिक्षण नव्हे. त्यातून मुलीला एकच गोष्ट कळते, की काही घडले तर दोष तिचा. मग तिच्यावर अत्याचार झाला तर ती बोलेल का?

आपली मागणी साधी आणि स्पष्ट हवी. बालवाडीपासून अवयवांची खरी नावे आणि नको असलेल्या स्पर्शाबद्दल सांगायची मुभा. पाचवी-सहावीत, म्हणजे पाळी येण्याआधी, शरीरातले बदल, आणि तेही मुलगे व मुली दोघांना. पुढे आकर्षण, होकार आणि नकार, गर्भधारणा, गर्भनिरोधन, रोग, कायदा. आपल्याला समलिंगी आकर्षण वाटते किंवा आपण मुलगा-मुलगी या चौकटीत बसत नाही, अशा मुलांना वर्गात आपण एकटे नाही हे कळणे. आणि या सगळ्याच्या मुळाशी समतेचा विचार. प्रजननसंस्थेची आकृती काढून नावे दिली म्हणजे लैंगिक शिक्षण झाले असे नाही.

ती आकृती तरी कुठे शिकवली जाते? दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजनन आहे, पाळीचे चक्र आहे, लैंगिक आजार आहेत. तो पाठ आला की कितीतरी वर्गांत अजूनही ‘हे घरी वाचा’ होते. अभ्यासक्रमात असलेलेसुद्धा शिकवले जात नाही, आणि त्याला कोणाची बंदी लागत नाही.

धोरणाच्या कागदावर आज काय आहे? 2020 मध्ये केंद्राने शालेय आरोग्याचा नवा कार्यक्रम आणला. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करायचे, त्यांनी अकरा विषय घ्यायचे, आणि त्यांत प्रजनन आरोग्यही आहे. त्याच वर्षी आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मात्र एक शब्द गळला. 2019 च्या मसुद्यात माध्यमिक शाळेत लैंगिक शिक्षण द्यावे, त्यात संमती, छेडछाड, स्त्रियांचा आदर हे विषय असावेत असे लिहिले होते. अंतिम धोरणात तो शब्द नाही. मसुदा आणि धोरण यांच्या दरम्यान तो कुणाच्या लोकमताने गेला, हे आपण विचारले पाहिजे. न्यायालये उलट दिशेने बोलत आहेत. 2013 मध्ये न्या. वर्मा समितीने शाळांतून लैंगिक शिक्षणाची शिफारस केली होती. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लैंगिक शिक्षण म्हणजे पाश्चात्त्य कल्पना, त्याने मुले बिघडतात, या गैरसमजांचा नाव घेऊन समाचार घेतला.

आणि 2024 चा ऑगस्ट आपण कोणीच विसरणार नाही. बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाले आणि लोक रेल्वेरुळांवर उतरले. ते लोकमतच होते, आणि केवढे प्रचंड! त्यातून मागणी आली फाशीची, कॅमेऱ्यांची, पोलीस पडताळणीची. यातल्या काही गोष्टी हव्यातच. पण मुलींना बोलायचे शब्द द्या आणि मुलग्यांना लहानपणापासून समता शिकवा, ही मागणी त्या गर्दीतून मोठ्याने ऐकू आली नाही. उच्च न्यायालयाने मात्र मुलग्यांच्या शिकवणुकीचा मुद्दा काढला. तो आवाज रुळांवर पोचलेला नव्हता, कारण त्याआधी वस्त्यांमधून आपण तो पुरेसा पोचवलेला नव्हता. लोकमत असे एका दिवसात तयार होत नाही. ते आधीच्या दहा वर्षांत तयार होते.

उद्यापासून काय करायचे?

शिक्षणहक्क कायदा 2009 मध्ये शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी त्या बायका सहीपुरत्या आहेत. आपल्या गटातल्या किती जणी आपल्या मुलांच्या शाळेच्या समितीवर आहेत, ते आज जेवणाच्या सुट्टीत मोजा. ‘पालक ऐकायचे नाहीत’ असे मुख्याध्यापक म्हणतील तेव्हा ठराव घेऊन समोर बसायचे आहे ते याच पालकांनी. 2022 पासून राज्यात शाळांमधून सखी सावित्री समित्या करायच्या आहेत. तुमच्या शाळेत ती कागदावर आहे की खरी, सभा कधी झाली, हे विचारा. आरोग्यदूत शिक्षक कोण, त्यांचे प्रशिक्षण झाले का, कोणते विषय घेतले, हे लेखी विचारा. माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येतो ना सगळ्यांना?

शाळेत जाण्याआधी पालकसभा घ्या. त्यात जे साहित्य वापरणार ते सगळे उघडून दाखवा. 2007 मध्ये चित्रे मुलांच्या आधी वर्तमानपत्रांत आणि सभागृहात पोचली. ती आधी आयांच्या हातात पोचली पाहिजेत. पुरुष पालकांची वेगळी बैठक घ्या, त्यांना वगळू नका.

आणि सर्वांत जोखमीची गोष्ट शेवटी सांगते. चिठ्ठ्यांच्या पेटीत एक दिवस ‘काका घरी आले की मला भीती वाटते’ अशी चिठ्ठी येते. ज्या शाळेत बोलणे सुरू होते तिथे ही चिठ्ठी आज ना उद्या येतेच. ती आली की काय करायचे हे ठरवल्याशिवाय पेटी ठेवू नका. 2012 च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, म्हणजे ‘पॉक्सो’ने, अशी माहिती मिळाल्यावर कळवणे आपल्यावर बंधनकारक केले आहे. मुलीशी कोण बोलणार, घरी तिला धोका असेल तर ती राहणार कुठे, बाल कल्याण समितीकडे कोण जाणार, 1098 वर कधी फोन करायचा, हे सगळे आधी ठरलेले हवे. हाच कायदा सतरा वर्षांच्या मुलीच्या मनाच्या संबंधांनाही गुन्हा ठरवतो आणि बाप त्याचा दांडक्यासारखा वापर करतात, हेही आपण पाहतो आहोत. तेव्हा कायदा नीट शिकून घ्या. मुलीला खोटे वचन देऊ नका. ‘कोणाला सांगणार नाही’ असे आपण म्हणू शकत नाही. ‘तुला विचारल्याशिवाय आणि तुझ्याशिवाय पुढचे पाऊल टाकणार नाही’ एवढे म्हणू शकतो, आणि ते पाळायचे.

दुपारच्या गटचर्चेसाठी एकच काम देते. आपापल्या तालुक्यातली एक शाळा निवडा, तिथे ‘लोकांना नको आहे’ असे नेमके कोण म्हणते त्यांची यादी करा, आणि त्या यादीत नसलेल्या पण जिच्याशी आधी बोलायला हवे अशा पाच आयांची नावे तिच्याखाली लिहा. पुढच्या शिबिरात त्या पाच जणींशी झालेले बोलणे ऐकायचे आहे.